लहान लेथवर मोठ्या मापाचे कर्तन-हत्यार : मध्यउंचीचा विचार

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात पिरंगुट व उरवडे परिसरात लहानमोठे कारखाने उभे आहेत. मोठ्या कारखान्यांतील सीएनसी लेथवर २० किंवा २५ मि.मी. चौरस शँकची हत्यारे सर्रास वापरली जातात. याउलट छोट्या वर्कशॉपमधील अथवा महाविद्यालयीन कर्मशाळेतील लहान लेथच्या टूल पोस्टमध्ये बहुधा १२ मि.मी. शँकच बसते. मोठे हत्यार जुन्या मालात स्वस्त मिळाले, की ते लहान लेथवर चढवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह कितपत योग्य, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

प्रमाणित इन्सर्ट-हत्यारात कर्तनटोकाची उंची शँकच्या उंचीइतकीच असते. लेथचा अक्ष टूल पोस्टच्या खाचेच्या तळापासून १२ मि.मी. उंचीवर असेल, तर २० मि.मी. शँकचे टोक अक्षाच्या ८ मि.मी. वर जाते. हत्यार खाली असल्यास पत्र्याचे पॅकिंग देता येते. ते वर गेल्यास पॅकिंगचा काहीही उपयोग नाही.

टोक अक्षाच्या वर गेले, की बाह्य टर्निंगमध्ये हत्याराचा क्लिअरन्स कोन कमी होतो. ही घट जॉबच्या त्रिज्येवर अवलंबून असते : उंचीतील फरक भागिले त्रिज्या, ही त्या कोनाची ज्या होय. १०० मि.मी. व्यासाच्या जॉबवर १ मि.मी. फरकाने सुमारे १.१ अंश कमी होतात. २० मि.मी. व्यासावर तोच फरक सुमारे ५.७ अंश खातो. इन्सर्टचा क्लिअरन्स ७ अंश असेल, तर जेमतेम १.३ अंश उरतात. मग हत्यार धातू कापण्याऐवजी घासू लागते, उष्णता वाढते आणि जॉबवर कंपनाच्या रेघा उमटतात. फेसिंग करताना मध्यभागी उरलेला ठेपा हत्याराच्या पुढच्या अंगावर दाबला जाऊन कार्बाइडचा टवका उडू शकतो. लहान लेथवर लहान व्यासाचेच काम अधिक होते. म्हणून मध्यउंचीतील चूक तेथेच सर्वाधिक महाग पडते.

उपाययोजना

पहिला उपाय म्हणजे शँकचा तळ मिलिंग करून उंची कमी करणे. २० मि.मी. शँक १२ मि.मी.पर्यंत उतरवल्यास तिचा ताठरपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात घटून मूळच्या सुमारे २२ टक्के राहतो. तथापि रुंदी २० मि.मी.च राहत असल्याने ती १२ मि.मी. चौरस शँकपेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक ताठर ठरते. तळ किंचित जास्त काढून उरलेला फरक पॅकिंगने भरणे सोयीचे. शँक उष्णोपचारित पोलादाची असल्याने कार्बाइड कटर वापरावा लागतो. लिव्हर-लॉक प्रकारात इन्सर्ट धरणारी यंत्रणा शँकच्या पोटातच असते. अशा हत्याराचा तळ काढू नये. वरून स्क्रूने इन्सर्ट बसणारा प्रकार या कामास अधिक योग्य असतो, मात्र स्क्रूच्या छिद्राखाली पुरेसा धातू उरतो का, हे आधी पाहावे.

दुसरा उपाय म्हणजे कंपाऊंड स्लाइड काढून क्रॉस स्लाइडवर कमी उंचीचा भरीव ठोकळा बसवणे. यामुळे पकड घट्ट होते; परंतु कंपाऊंडने लहान टेपर काढण्याची सोय जाते. टूल पोस्टच्या खाचेचा तळच खोल करणे मात्र टाळावे. कर्तनाचा सारा भार त्या तळावर येतो.

पडताळणी

गोल जॉब व हत्याराचे टोक यांत पातळ पोलादी पट्टी हलकेच धरावी. पट्टी उभी राहिली तर टोक मध्यावर आहे. वरचे टोक जॉबकडे झुकले तर हत्यार वर, कारागिराकडे झुकले तर खाली आहे. ही चाचणी लेथ बंद असतानाच करावी.

निष्कर्ष

हत्यार मोठे केल्याने लेथ मोठा होत नाही. मोटरची शक्ती आणि बेडचा ताठरपणा तेवढाच राहतो. म्हणून कापाची खोली लेथच्या कुवतीनुसारच ठेवावी लागते. मिलिंगचा खर्च व वेळ धरता, १२ मि.मी. शँकचे नवे हत्यार अनेकदा स्वस्त पडते. मोठे हत्यार फुकट मिळाले आणि मिलिंग यंत्र हाताशी असले, तरच हा खटाटोप सार्थ ठरतो. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र हा प्रयोग मोलाचा आहे. फळ्यावरची त्रिकोणमिती येथे पोलादाच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष दिसते.