इंजिनाची सीसी वाढवताना

पिस्टन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तिचे घनफळ म्हणजे इंजिनाची सीसी. ती वाढवायची तर सिलिंडरचा व्यास (बोअर) मोठा करावा लागतो, किंवा क्रँक बदलून पिस्टनची धाव (स्ट्रोक) लांबवावी लागते. जुन्या बुलेटमध्ये हा हिशेब स्वच्छ दिसतो. 350 आणि 500 या दोन्ही मॉडेलांचा स्ट्रोक 90 मिमी. बोअर मात्र 70 ऐवजी 84 मिमी झाला की 346 ची 499 सीसी होते.

म्हणून ब्लॉक-पिस्टन बदलले की काम झाले, असा समज होतो. तो महागात पडतो. हेडमधली जागा तेवढीच राहिली, तर तीत दाबले जाणारे मिश्रण वाढते आणि 7:1 चे कॉम्प्रेशन साडेनऊच्या पुढे जाते. मग चढावर इंजिन ठोके देऊ लागते. दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोकही पडते. क्रँकचा तोल जुन्या पिस्टनच्या वजनावर बेतलेला असल्याने जड पिस्टनमुळे थरथर वाढते आणि बेअरिंगे लवकर जातात.

स्ट्रोक 5 मिमी वाढवला, तर पिस्टन वर अडीच मिमी जास्त चढतो. कनेक्टिंग रॉड किंवा पिस्टनच्या पिनची जागा बदलली नाही, तर तो थेट हेडवर आदळू शकतो. कार्बोरेटरचे जेट, क्लच, गिअरबॉक्स हेही वाढीव ताकदीला जुळवावे लागतात.

शिवाय नोंदणीपुस्तकात सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही.