सल्लागारांची नावे आणि रक्ताचा थेंब

दोन वर्षांमागील दिवाळी पाडव्याची गोष्ट. नव्या वहीवर पहिला आकडा टाकून आम्ही रविवार पेठेतील आमच्या गादीवर बसलो असता आमच्या साडूंचे चिरंजीव नमस्कारास आले. मुलगा हुशार, अभियांत्रिकी शिकलेला. बोटाच्या टोकावरील एका थेंबावरून रक्तातील हिमोग्लोबिन व साखर सांगणारी यंत्रे खेडोपाडी पुरविण्याची कंपनी त्याने नुकतीच काढली होती. सोबत गुळगुळीत कागदावरील माहितीपत्रक होते. त्यात ‘सल्लागार मंडळ’ या मथळ्याखाली एक निवृत्त जिल्हाधिकारी, एक बँक अधिकारी व एक प्राचार्य यांची नावे असून चौथी जागा मोकळी ठेवली होती. “काका, तुम्ही काही करावयाचे नाही, नुसते नाव द्या,” असे तो म्हणाला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, जन्म गेला ज्वारी-तुरीच्या पोत्यांत. प्राचार्यांच्या पंक्तीस आपले नाव छापले जाणार या कल्पनेने आम्ही सुखावलो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही नाव दिले.

पुढे पेठेतीलच दोघा व्यापारी बंधूंनी त्या कंपनीत रक्कम गुंतविली. त्यांपैकी एकाने आमच्या दुकानी येऊन सहज सांगितले, “शेठजी, तुमचे नाव पाहिले, मग अधिक चौकशी केली नाही.” त्या रात्री आम्हास नीट झोप लागली नाही.

आमच्या सूनबाई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी ते पत्रक वाचून एवढेच विचारले, “मामंजी, या चौघांपैकी रक्त तपासणारे कोण?” आणि मग त्यांनी अमेरिकेतील थेरानोस या कंपनीची हकीकत सांगितली. ती ऐकल्यावर आम्ही त्या प्रकरणाविषयी मिळेल ते वाचले. आपल्या वाचकांपैकी अनेकांकडे असे तरुण अशीच पत्रके घेऊन येत असतील, म्हणून ती येथे देतो.

एलिझाबेथ होम्स या एकोणीस वर्षांच्या मुलीने स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण सोडून २००३ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. बोटाच्या टोकाच्या चार थेंबांत शेकडो तपासण्या करू, असा तिचा दावा होता. तिला आरंभी योग्य सल्ला मिळाला नाही असे नव्हे. त्याच विद्यापीठातील वैद्यकाच्या प्राध्यापिका फिलिस गार्डनर यांनी तिची मूळ कल्पना चालणार नाही असे तोंडावर सांगितले होते. तो सल्ला तिला रुचला नाही. संचालक मंडळावरील एव्ही टेव्हानियन हे गृहस्थ ॲपल कंपनीतून आलेले, यंत्रांचे जाणकार. ते खोदून प्रश्न विचारू लागले, तेव्हा २००७ साली त्यांनाच मंडळाबाहेर पडावे लागले.

त्यानंतर जे मंडळ जमले ते पाहून कोणाचेही डोळे दिपावेत. माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ व हेन्री किसिंजर, माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी, माजी सिनेटर सॅम नन, सेनापती जेम्स मॅटिस! डॉक्टर अगदीच नव्हते असे नाही. बिल फ्रिस्ट हे हृदयाचे शल्यविशारद होते, आणि विल्यम फेगी यांनी तर आपल्या देशातील देवीच्या निर्मूलनातही मोठे काम केलेले. परंतु प्रयोगशाळेत बसून रोज रक्ताचे आकडे पडताळण्यात ज्याचा जन्म गेला असा मनुष्य त्या मंडळात नव्हता. शिवाय २०१३ च्या अखेरीपासून होम्सबाईंच्या प्रत्येक भागास शंभर मते देण्यात आली होती. म्हणजे मंडळाने विरोध करावयाचे ठरविले असते तरी तो चालला नसता. तथापि या नावांच्या भरवशावर लोकांनी सत्तर कोटी डॉलरांहून अधिक पैसा ओतला, आणि २०१४ साली कंपनीची किंमत नऊशे कोटी डॉलर ठरली.

आपल्या धंद्यात तुरीचे पोते घेताना विक्रेत्याच्या ओटीवर कोण बसले आहे हे आपण पाहत नाही. तळापर्यंत सळई खुपसून नमुना काढतो. तसे केले असते तर तेथे काय आढळले असते? बोट दाबून काढलेल्या रक्तात तांबड्या पेशी फुटतात, त्यांतील पोटॅशियम बाहेर पडते आणि आकडा खोटाच फुगतो. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावर प्रत्यक्षात जेमतेम बारा तपासण्या होत. बाकीच्यांसाठी ते थोडेसे रक्त पातळ करून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांत घालीत, आणि पातळ केले म्हणजे मुळातील बारीक चूकही त्याच पटीने वाढते. २०१३ पासून वॉलग्रीन्स या औषधविक्रेत्यांच्या दुकानांत अशा तपासण्या सुरू झाल्या. ॲरिझोना राज्यातील एका गर्भवतीस, जिने पूर्वी गर्भपाताचे दुःख सोसले होते, गर्भ टिकत नाही असे दर्शविणारा आकडा हाती देण्यात आला. गर्भ सुखरूप होता, पुढे मूलही जन्मले. मधले दिवस त्या माउलीने कसे काढले असतील!

खरी गोष्ट मंडळाच्या दारापर्यंत चालत आली होती. शुल्ट्झ यांचा नातू टायलर तेथेच नोकरीस होता. आकडे जुळत नाहीत हे पाहून त्याने २०१४ साली नोकरी सोडली व आजोबांना सर्व सांगितले. आजोबांनी नातवावर नव्हे, होम्सबाईंवर विश्वास ठेवला. आम्हास या हकीकतीत सर्वांत अधिक हेच लागले, कारण आम्हीही आजोबा आहोत.

ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या पत्राने प्रकरण उघडकीस आणले. प्रयोगशाळेतील नामवंत तज्ज्ञांचे सल्लागार मंडळ कंपनीने नेमले ते त्यानंतर, एप्रिल २०१६ मध्ये. त्याच वर्षी त्या यंत्रावरील दोन वर्षांचे सर्व निकाल रद्द करावे लागले. २०१८ साली कंपनी बंद झाली, व २०२२ मध्ये होम्सबाईंस गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल सव्वाअकरा वर्षांची कैद झाली.

हे वाचून झाल्यावर आम्ही साडूंच्या चिरंजीवांस बोलावून घेतले. त्याचे यंत्र खोटे आहे असा आमचा आरोप नव्हता, आजही नाही. एकाच माणसाचे रक्त दंडातून काढून प्रयोगशाळेत तपासावे, त्याच वेळी थेंब यंत्रावर घ्यावा, आणि दोन्ही आकडे त्याच्या पगारी नसलेल्या डॉक्टरांनी ताडून पाहावेत. तोपर्यंत आमचे नाव काढावे, एवढेच आम्ही म्हटले. “काका, घरच्या माणसानेच असे करावे?” असे म्हणून तो उठून गेला. चार महिने त्यांच्या घरचे आमच्याकडे आले नाहीत.

नंतर तो आला. शहरातील एक अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आता दर शनिवारी त्याच्याकडे बसतात. काहींचे आकडे जुळले, काहींचे जुळले नाहीत. जे जुळत नाहीत त्यांचा शोध चालू आहे, आणि तोपर्यंत यंत्रे विकणे त्याने थांबविले आहे. पेठेतील त्या दोघा बंधूंस आम्ही स्वतः जाऊन हे सर्व सांगितले. एकाने रक्कम परत मागितली व त्यास ती मिळाली. दुसऱ्याने ठेवली आहे. नव्या पत्रकात चौथ्या जागी त्या डॉक्टरांचे नाव आहे.