खरादकामासाठी सुपर ग्लू : निवड आणि साठवण

माझा धंदा कापडाचा. खरादी कारागिरांशी माझा संबंध येतो तो चिंध्यांपुरता. कटपीसमधून उरलेले सुती तुकडे ते पॉलिश पुसायला वजनावर नेतात. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण खरादी दुकानात आला. मांडीवर पट्टी बांधलेली होती. पाळण्याच्या दांडीतली चीर भरताना सुपर ग्लूची बाटली मांडीवर कलंडली, सुती पायजमा भिजला आणि क्षणात धूर निघाला. "चाचा, आग दिखी नहीं, मगर चमडी जल गई," असे तो म्हणाला. पुसायला हाताशी होती ती माझ्याच दुकानातली चिंधी. तीही गरम झाली. तेव्हापासून मी या वस्तूची माहिती जमवली. ती कारागीर बंधूंच्या आणि हा माल विकणाऱ्या दुकानदारांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहे.

ही वस्तू आहे तरी काय?

सुपर ग्लूचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ जिथे तिथे चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ साली त्याच गुणाकडे पुन्हा लक्ष गेले आणि १९५८ साली तो बाजारात आला. आपल्याकडे पिडिलाइट कंपनीच्या फेविक्विकने तो पानटपरीपर्यंत पोहोचवला.

फेविकॉल आणि सुपर ग्लू यांत एक मूळ फरक आहे. फेविकॉलमधले पाणी निघून गेले की तो घट्ट होतो. सुपर ग्लूचे उलटे आहे. त्याला ओल मिळाली की तो घट्ट होतो. हवेतली आणि लाकडातली थोडीशी ओल त्याला पुरते. सुताच्या बारीक तंतूंवर ओल असते आणि तंतूंचा पृष्ठभाग फार मोठा असतो. म्हणून सुती किंवा लोकरी कापडावर जास्त ग्लू पडला की तो एकदम घट्ट होतो आणि त्यातून मोठी उष्णता निघते. मांडी भाजली ती त्यामुळे.

कोणता घ्यावा?

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात.

पातळ ग्लू पाण्यासारखा वाहतो आणि केसाएवढ्या चिरेत आपोआप शिरतो. सुटू पाहणारी साल किंवा मऊ पडलेला भाग पक्का करायला हाच घ्यावा. मध्यम ग्लू निघालेला तुकडा पुन्हा बसवायला चांगला. जाड ग्लू दिसणारी फट भरण्यासाठी असतो, मात्र तो घट्ट व्हायला वेळ घेतो. फट मोठी असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा दाबून भरावा आणि वरून पातळ ग्लूचे थेंब सोडावेत. पॉलिश पेपर मारल्यावर जोड फारसा दिसत नाही.

सागवान आणि शिसवीत तेलाचा अंश असतो. चिकटवण्याआधी ती जागा थिनरने पुसून वाळू द्यावी. फिक्या लाकडावर पातळ ग्लूचा डाग उमटतो, म्हणून चिरेच्या कडेला आधी सीलरचा हात द्यावा. लाखेचे काम करणाऱ्यांनी ग्लू पूर्ण सुकल्याशिवाय लाख लावू नये. लाख घासून तापवली जाते आणि त्या उष्णतेने ग्लूची वाफ सुटते.

विकत घेताना तयार केल्याची तारीख पाहावी. एका ठोक व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाल्या म्हणून मी डझनभर ट्यूब आणल्या होत्या. निम्म्या आतच दगड झालेल्या निघाल्या. ताजा पातळ ग्लू पाण्यासारखा पडतो. त्याला तार सुटू लागली की तो शिळा झाला असे समजावे. काम थोडे असेल तर मोठ्या बाटलीपेक्षा छोट्या ट्यूब परवडतात.

कुठे वापरू नये?

सुकलेला सुपर ग्लू कडक असतो, पण ठिसूळही असतो. धक्का आणि उष्णता तो सोसत नाही. पाळण्याचा किंवा पलंगाच्या पायाचा जोड, जिथे माणसाचे वजन येते, तिथे फेविकॉल किंवा इपॉक्सीच वापरावे. आरपार भेग गेलेले लाकूड ग्लू लावून लेथवर चढवू नये. फिरताना तुकडा सुटला तर तो थेट तोंडावर येतो. एका लाकडाचे पैसे वाचवण्यासाठी डोळा गमावणे हा घाट्याचाच सौदा.

ग्लू पसरवायला कापड वापरू नका, कागद वापरा. कापड तापते, आणि फिरत्या लेथमध्ये अडकले तर बोटासकट ओढते. कागद फाटतो, बोट वाचते. चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठा. पापण्या जबरदस्तीने उघडू नका.

कसा ठेवावा?

ओल आणि उष्णता हे याचे दोन शत्रू आहेत. आपल्या बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीत ठेवलेली बाटली लवकर खराब होते. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी बनतात. तिथल्या दमट पावसाळ्यात उघडी बाटली त्याहून लवकर जाते.

न उघडलेल्या बाटल्या डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, पण खाण्याच्या वस्तूंपासून आणि मुलांच्या हातापासून दूर. बाहेर काढल्यावर बाटली खोलीइतकी गरम होईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार बाटलीत दव धरते आणि माल वाया जातो. उघडलेली बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवावी. औषधांच्या डब्यांत येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाकावी. ग्लू लवकर घट्ट करणारा स्प्रे त्याच डब्यात कधीही ठेवू नये.

काम संपले की बाटली उभी धरून हलकेच आपटावी, म्हणजे नळीतला ग्लू खाली उतरतो. टोक कोरड्या कागदाने पुसून मगच झाकण लावावे.

तो तरुण आजही चिंध्या न्यायला येतो. पॉलिशला चिंधी आणि ग्लूला कागद, हा हिशेब आता त्याला पाठ आहे.