काळ्या दगडाच्या पोटात

अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० मधले, इथल्याच काळ्या दगडात घडवलेले. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत पाया खणा, खाली लागतो तो हाच बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गोठलेला लाव्हा. भूगर्भातल्या हायड्रोजनचा आज जगभर शोध चालू आहे, त्यात अशा लोहयुक्त दगडांना मोठा मान आहे. खोल, उष्ण थरांत पाणी लोहाला भेटते. लोह ऑक्सिजन घेते, हायड्रोजन सुटतो. दगडाला चढलेला गंजच म्हणा! हा वायू जळला की उरते पाणी. धूर नाही, काजळी नाही.

आफ्रिकेतल्या माली देशात १९८७ साली पाण्यासाठी घेतलेल्या बोअरमधून हा वायू निघाला आणि पेटला. बोअर बुजवली गेली. पुढे २०१२ मध्ये त्याच वायूवर बुराकेबुगू गावात दिवे लागले. तिथे वायूवर झाकण होते डोलेराइटचे, म्हणजे बेसाल्टच्याच भावंडाचे.

मग आपल्याकडे? नुसते दूध असून भागत नाही, भांडेही गळके नसावे लागते. आपल्या बेसाल्टला भेगा फार, आणि हायड्रोजन सर्वांत हलका वायू. कोयनेत भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट लागला. आपल्या पायाखालीही अशीच पारख आधी हवी. कारखाने आधी आणि विचार मागाहून, याची किंमत वालधुनी नदीने मोजली आहे. म्हणून आधी मातीतला वायू मोजावा, विहिरींचे पाणी जपावे, स्वप्ने त्यानंतर.