बरं झाल्यावरची तारीख

सकाळी ८.००
सरकारी मनोरुग्णालयातला आमचा हा वॉर्ड कोर्टाच्या हुकमाने आलेल्यांचा. इथे माणसं दोनदा मोजतात. सिस्टर रुग्ण म्हणून, पोलीस बंदी म्हणून. मी समाजसेवा अधीक्षक. माझ्या वहीत आज एका तरुणाची कोर्टाची तारीख आहे. वॉर्डबॉय मामांनी त्याची दाढी करून दिली आहे. धुतलेला शर्ट घालून तो दाराशी बसला आहे.

९.३०
गोळ्या. सिस्टर प्रत्येकाला जीभ वर करायला सांगतात. क्लोझापिनवाल्यांचं रक्त तपासणीला जातं. पांढऱ्या पेशी घटत तर नाहीत, हे पाहावं लागतं.

११.००
डॉक्टरांची फेरी. नव्या रुग्णाला विचारतात, "आरोप काय आहे? जज काय करतात? वकील कोणाच्या बाजूने बोलतो?" तो छताकडे बघत राहतो. गुन्हा घडताना मन ठिकाणावर होतं का, याचा निवाडा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली कोर्ट करेल. आज प्रश्न एवढाच की त्याला स्वतःचा बचाव करता येईल का. येत नसेल तर खटला थांबतो, उपचार चालू राहतात.

दुपारी १.००
फोन येतो, "गार्ड नाही." पोलीस पार्टी बंदोबस्तावर गेली आहे. तरुणाला खटल्यासाठी फिट ठरवून महिने झाले. मी त्याला पुढची तारीख सांगते. तो विचारतो, "ताई, तोवर मी बरा राहीन ना?"

३.००
त्याच्या भावाला फोन. "घरी आणलं आणि पुन्हा काही झालं तर?" त्याची भीती खरी आहे. गोळ्या तालुक्याला कुठे मिळतील, झोप उडाली की काय करायचं, हे सावकाश सांगते. पुढच्या तारखेला कोर्टात येतो म्हणाला.

४.३०
कोर्टाला तरुणाबद्दल पत्र लिहिते. लिहिताना आसामचे माचांग लालुंग आठवतात. ते १९५१ मध्ये पकडले गेले, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पोचले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं लिहून दिलं. सुटले मात्र २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. मधली वर्षं आजाराने नेली नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी विचारलंच नाही. म्हणून पत्राची पोच हातात आल्याशिवाय मी फाइल मिटत नाही.

६.००
संध्याकाळची मोजणी. तरुणाने शर्ट घडी करून मामांकडे दिला. "जपून ठेवा. लागेल." मी वहीत नवी तारीख लिहिली आणि खाली लिहिलं : आदल्या दिवशी गार्डसाठी स्वतः पोलीस मुख्यालयात जाणे.