काळ्या खडकाखालीं काय आहे?

घोडेगावच्या शिवारांत विहीर खणतांना पहार ज्या काळ्या पाषाणावर आदळते, तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं थरावर थर सांचून गोठलेला लाव्हा, म्हणजे बेसाल्ट होय. खनिज तेल मात्र सामान्यतः गाळाच्या खडकांत उपजतें. तेव्हां या पाषाणाखालीं तसे थर दडले असतील काय?

हें जाणण्यासाठीं जमिनींत सुरुंग उडवून कंपलहरी सोडतात. निरनिराळ्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनि यंत्रें टिपतात. परंतु बेसाल्टचे कठीण व मृदु थर या लहरी वरच्यावर परतवितात, विखरून टाकतात. खालचा क्षीण प्रतिध्वनि त्या गोंगाटांत हरपतो. म्हणून गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व व विद्युद्वाहकता यांचीं मापनेंहि घ्यावीं लागतात. अखेरचा निवाडा मात्र खर्चिक बोअरच देतो. किल्लारीस १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्यें सुमारें ३३८ मीटर बेसाल्टखालीं गाळाचा केवळ पातळ थर व नंतर नाइस खडक लागला.

१९७४ सालीं मुंबई हाय येथें समुद्रतळाखालीं तेल सांपडलें, तें लाव्ह्याच्या काळानंतर सांचलेल्या चुनखडकांत. तेथें लहरींच्या वाटेंत बेसाल्ट आडवा येत नाहीं. घोडेगावीं जो खडक झांकण होऊन बसला आहे, तोच तेथें पुष्कळ ठिकाणीं तळाशीं आहे.