वास न येणारं औषध

पेस्ट कंट्रोलवाल्या दादांनी आधी स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला सांगितला. खिडकीचा पडदा ओढून घेतला, ट्रॉलीचे सगळ्यात खालचे दोन कप्पे बाहेर काढून ठेवले आणि फरशीवर सरळ आडवे झाले. हातात टॉर्च, तोंडावर साधा कापडी मास्क. औषधाचा पंप दाराबाहेर चपलांशेजारीच होता. थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग त्यांनी टॉर्चचा झोत एका बिजागरीवर धरला आणि मला खाली वाकायची खूण केली.

फटीत एक झुरळ होतं. जेमतेम अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा. पोटाच्या टोकाला एक चपटी, मातकट पेटी चिकटलेली आणि तिच्यावर बारीक आडव्या खुणा.

“जर्मन,” दादा हळू आवाजात म्हणाले. “फुटायला आली की मगच सोडते ही पेटी. तोवर अंगावर घेऊनच हिंडते. एका पेटीत चाळीस.”

एका पेटीत चाळीस. पुढे जिथे जिथे मी त्यांच्याबरोबर गेले, तिथे तिथे हा आकडा त्यांच्या तोंडून ऐकला. कधी घरातल्या बाईंना सांगताना, कधी नवख्या मदतनिसाला दटावताना, कधी स्वतःशीच.

त्यांच्याबरोबर जावंसं का वाटलं, तेही सांगते. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत मे अखेरीला ते एका घरी आले होते. दार उघडं होतं, त्यामुळे जिन्यात सगळं ऐकू येत होतं. “अहो, औषध मारलं म्हणता, पण वास कुठे येतोय? मग पैसे कशाचे घेता?” घरातल्या काकू तावातावाने विचारत होत्या. दादा म्हणाले, “जेल लावलंय मावशी, त्याला वास नसतो.” काकूंना ते पटलं नाही. मग दादांनी मोरीत आणि संडासात फिनेल ओतलं. घरभर वास सुटला, काकूंनी समाधानाने कागदावर सही केली. खाली उतरताना दादा मला म्हणाले, “झुरळं जेलनंच मरतील. फिनेल मावशींसाठी होतं.” ते हे हसत म्हणाले नाहीत. चांगलं काम करूनही ते झालंय हे पटवायला खोटा पुरावा द्यावा लागतो, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. पावसाळा तोंडावर होता. त्यांच्या धंद्याचे हे सगळ्यात धावपळीचे दिवस. “तुमच्याबरोबर येऊ का?” म्हणून विचारलं. “या ना ताई, पण मधे बोलू नका,” एवढीच त्यांची अट होती.

दादांचं कॅलेंडर किड्यांचं आहे. उन्हाळ्यात ढेकूण, कारण उकाड्यात त्यांची पैदास भराभर होते आणि सुट्टीतल्या प्रवासात बॅगांमधून ते घरोघर पोचतात. वळवाचा पाऊस झाला की मुंग्या आणि वाळवी. जून लागला, गटारं भरली की तिथली मोठी लालसर झुरळं जाळीतून वर येतात. त्यानंतर दिवाळीपर्यंत डास. थंडी पडली की उंदीर उबेला घरात शिरतात. ट्रॉलीतली जर्मन झुरळं मात्र बारमाही. ती गटारातून येत नाहीत. किराण्याच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजच्या मोटरमागून, शेजारच्या नळाच्या पाइपाकडून येतात. गटारातल्या मोठ्या झुरळाच्या पेटीत पंधरा-सोळा अंडी, आणि या छोट्याच्या पेटीत चाळीस. पिल्लू दोनेक महिन्यांत मोठं होऊन स्वतःची पेटी वागवायला लागतं. फवाऱ्याचं औषध पेटीच्या कवचातून आत जात नाही, म्हणून आज मेलेल्यांचे ढीग दिसले तरी पंधरवड्याने ओट्यावर बारीक पिल्लं फिरताना दिसतात, आणि लोक म्हणतात औषधात भेसळ होती.

जेलचं काम पाहायला गेलं तर अगदी साधं. सिरिंजसारख्या नळीतून मुगाएवढा थेंब बिजागरीत, फटीत, फ्रिजच्या रबरामागे. आत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, तेही अगदी थोडं, बाकी झुरळाला आवडेल असं खाणं. झुरळ खातं, फटीत परत जातं, तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि मढं बाकीची झुरळं खातात, त्यांनाही विष लागतं. बाहेर कधी न आलेल्या पिल्लांपर्यंत औषध पोचतं ते असं. यात कौशल्य आहे ते थेंब नेमका कुठे लावायचा याचं. दादा आधी मिरीपुडीसारखे काळे ठिपके शोधतात. ठिपके दाट असतील तिथे वस्ती. एका घरात त्यांनी भिंतीवरच्या घड्याळामागे टॉर्च मारला, तर तिथे ठिपक्यांची झालरच होती. घरच्यांनी सहा महिने ओटा घासला होता. घड्याळाकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

“काही घरांत ती जेलजवळ येतात, मिशा लावतात आणि वळून जातात,” दादा म्हणाले. “मी कंपनी बदलून पाहतो, मग खातात.” त्यांच्या या निरीक्षणामागे शास्त्र आहे. 1980च्या दशकात विषारी आमिषांचा वापर वाढला, आणि त्यांत गोडीसाठी ग्लुकोज असे. 1993 साली अमेरिकेतल्या ज्यूल्स सिल्व्हरमन या संशोधकाने दाखवलं, की काही जर्मन झुरळं ग्लुकोजला तोंडच लावत नाहीत आणि हा गुण पुढच्या पिढीत उतरतो. 2013 साली त्यांनी आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये कारणही मांडलं: या झुरळांच्या चवीच्या पेशींना ग्लुकोज कडू लागतं. गोड खाणारी मेली, गोड नाकारणारी उरली आणि त्यांचीच प्रजा वाढली. दादांनी यातलं काही वाचलेलं नाही. फरशीवर आडवं पडून झुरळाच्या मिशा पाहत राहिल्याने ते त्याच जागी पोचले आहेत.

आणि अशा माणसाला आपण विचारतो, वास कुठे आहे?

या वासाचाही एक इतिहास आहे. आमच्या लहानपणी औषधवाले येऊन गेले की दिवसभर घराबाहेर राहायचं, परत आल्यावर खिडक्या उघडायच्या, तरी रात्री उशीपर्यंत तो उग्र, घशात बसणारा दर्प. बऱ्याचदा तो डायक्लोरव्हॉसचा असे. त्याची वाफ होते, ती किड्याच्या मज्जासंस्थेवर बसते, आणि माणसाची मज्जासंस्थाही काही वेगळ्या मातीची नाही. भारतात 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आहे. औषध गेलं, पण दर्प म्हणजे ताकद ही समजूत गेली नाही. दादा सांगतात, कितीतरी लोक फोनवर आधी विचारतात, “वासाचं आहे ना?” जेल लावल्यावर वरून फवारा मारा म्हणून हट्ट धरतात. फवाऱ्यातली बरीच औषधं झुरळांना पळवून लावतात. त्यांचा अंश जेलवर पडला की झुरळ जेलकडे फिरकतही नाही. म्हणजे ग्राहक स्वतःच्या पैशाने स्वतःच्या औषधावर पाणी टाकतो. मुंग्यांचं तर याहून वाईट. घरातल्या काही बारीक मुंग्यांवर फवारलं तर राण्या आपापली मुंग्यांची टोळी घेऊन वेगवेगळ्या भिंतींत जातात. “एकाची चार बिळं होतात,” दादा म्हणतात.

पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या घरून फोन आला. ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा खच पडला होता आणि घरचे घाबरले होते. ती वाळवीच. पावसाने जमीन भिजली की पंख फुटलेले नर-मादी वारुळातून बाहेर पडतात, थोडं उडतात, पंख टाकतात आणि जोडीने नवं घर शोधतात. त्यातले बहुतेक पाली-पाखरांच्या पोटात जातात. “दिव्यावर आलेल्यांची काळजी नको,” दादा म्हणाले, “पंख कुठे पडलेत ते दाखवा.” दिव्याखालचे पंख त्यांनी पाहिलेही नाहीत. टॉर्च घेऊन ते प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यातून फिरले. देवघराच्या सागवानी चौकटीपाशी मूठभर पंखांचा ढीग सापडला. तिथे दिवा नव्हता, उघडी खिडकी नव्हती. म्हणजे हे बाहेरून आलेले नव्हते, चौकटीतूनच निघाले होते.

दादांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चौकटीवर खालून वर टकटक केली. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत आवाज पोकळ, वर भरीव. भिंतीच्या पापुद्र्याखाली बोटाएवढी मातीची नळी जमिनीपासून चौकटीपर्यंत गेली होती. त्यांनी ती दोन बोटांएवढी मोडली. आतून पांढुरके, मऊ, आंधळे कामकरी घाईने मागे सरले. घरातल्या आजी म्हणाल्या, “रंग तर गेल्या दिवाळीलाच काढला होता.” रंगाचा तो पापुद्रा शाबूत होता, आतलं लाकूड संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रिल आलं. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर 12 मिलिमीटरची भोकं, प्रत्येक 30 सेंटीमीटरवर एक, दर भोकात एक लिटर द्रावण, वर पांढरं सिमेंट. वाळवीच्या बंदोबस्ताचं हे भारतीय मानकातलं माप, आणि दादा ते फुटपट्टीने मोजून घेतात. बाकी दुपार धुरळ्यात गेली.

त्या धुरळ्यात मदतनिसाने हातमोजे काढले तेव्हा दादा पहिल्यांदा चिडलेले मी पाहिले. ते मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. वडील कपाशीवर फवारणी करायचे, पाठीवर पंप, अंगात बनियन, पायात काही नाही. 2017च्या हंगामात त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकड्यांनी दवाखान्यात गेले. दादांच्या गावातले लोकही त्यांत होते. “त्यांना कोनी सांगितलंच नाही ताई, की हे अंगातून आत जातं. वास आला की रुमाल बांधायचे, वास नाही आला की सोडायचे.” दादा स्वतः बाटलीवरचा त्रिकोण पाहिल्याशिवाय औषध कालवत नाहीत. लाल, पिवळा, निळा, हिरवा, या विषारीपणाच्या उतरत्या क्रमातला एक रंग प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलावर असतो. तो क्रम त्यांनी मला शिकवला आणि घरच्या फवाऱ्याच्या डब्यावरचा रंग बघायला सांगितला. तरीही त्यांच्या तोंडावर कापडी मास्कच होता. वाफ अडवणारा मास्क मागितलाय, ते म्हणाले, अजून मिळालेला नाही. कामाचे कपडे ते घरी वेगळ्या बादलीत, स्वतः धुतात. बायकोला हात लावू देत नाहीत.

हे ऐकल्यापासून वासाची मागणी मला निरागस वाटत नाही. आपण दिवसभर घराबाहेर जाऊन बसतो, तो दर्प अंगावर घेऊन तो माणूस पुढच्या घराकडे जातो.

निघण्याआधी दादा प्रत्येक घरात एक काम करतात, जे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे ओढून पाहतात, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरचं पिंपाचं झाकण. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस सगळी भांडी कोरडी करायला सांगतात. पण अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी महिनोन्महिने टिकतात. दादा ताटली ओतून थांबत नाहीत, काथ्याने घासतात आणि घरच्यांनाही तसंच करायला लावतात. आजींच्या घरी त्यांनी ट्रे घासला तेव्हा कंपनीचा फोन आला, पुढच्या ठिकाणी उशीर होतोय म्हणून. ते “निघालोच” म्हणाले आणि दुसरी ताटली उचलली.

त्यांच्याकडचा कामाचा कागद मी नीट वाचला. त्यावर घराचा पत्ता, औषधाचं नाव, किती वापरलं, किती वाजता आले, किती वाजता गेले आणि ग्राहकाची सही, असे रकाने आहेत. घड्याळामागचे ठिपके, चौकटीजवळचे पंख, ताटलीतली अंडी यांच्यासाठी रकाना नाही. त्यांच्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ जातो तो पाहण्यात, आणि नेमक्या त्याचीच कुठे नोंद होत नाही, म्हणून त्याचे पैसेही कोणी मोजत नाही. कंपन्यांनी तो रकाना घालायला हवा आणि वाफ अडवणारा मास्क मागण्याआधी द्यायला हवा. आपण घरच्यांनी एवढं तर लगेच करू शकतो: फोनवर वास विचारण्याऐवजी औषधाचं नाव आणि त्रिकोणाचा रंग विचारायचा, ट्रॉल्या आधीच रिकाम्या करून ठेवायच्या, आणि आलेल्या माणसाला घर नीट पाहून होईपर्यंत घाई करायची नाही. चुकलेल्या एका फटीत एक पेटी राहते, आणि एका पेटीत चाळीस असतात.